घरी गाडी उचलण्यासाठी ट्रॉली जॅक निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायरची अदलाबदल, ब्रेक पॅडची तपासणी, चिखलाने भरलेले मडगार्डचे अस्तर काढणे, अशी कामे इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा घरासमोरच्या अंगणात स्वतः करणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. दुकानात ज्याला ट्रॉली जॅक म्हणतात, तो चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा हायड्रॉलिक जॅक येथे अभिप्रेत आहे.

गाडीच्या डिकीत जॅक असताना वेगळा जॅक कशासाठी घ्यायचा?

डिकीतला कात्री जॅक रस्त्यात पंक्चर झाल्यावर स्टेपनी लावण्यापुरता दिलेला असतो. त्याची बैठक जेमतेम तळहाताएवढी असते आणि गाडीला बाजूने थोडा धक्का बसला, तरी तो कलंडू शकतो. त्या जॅकवर गाडी असताना तिच्याखाली जाऊ नये, अशी सूचना जवळजवळ प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत असते. ट्रॉली जॅक रुंद असतो, त्याचा भार चार चाकांवर विभागला जातो आणि लांब दांड्यामुळे गाडीपासून थोडे दूर राहून पंप मारता येतो. ट्रकचालकांकडे असतो तो उभा बाटली जॅक ताकदीला कमी नसतो, परंतु त्याची सर्वांत कमी उंचीच इतकी असते, की तो बहुतेक हॅचबॅक गाड्यांच्या सिलखाली, म्हणजे दारांखालच्या लांब पट्टीखाली, शिरत नाही. शिवाय त्याची बैठकही लहान असते. बोलेरोसारख्या उंच गाडीच्या अ‍ॅक्सलखाली तो शोभतो, स्विफ्टखाली नाही.

किती टनांचा जॅक घ्यावा?

स्विफ्ट किंवा वॅगन आर यांच्या वर्गातील गाडीचे रिकामे वजन साधारण 850 ते 950 किलो असते. क्रेटाच्या वर्गात ते 1200 ते 1400 किलोंच्या आसपास जाते, तर इनोव्हा क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओ एन यांसारख्या गाड्या दोन टनांच्या जवळ पोहोचतात. मात्र आपण घरी संपूर्ण गाडी कधीच एका जॅकवर उचलत नाही. एक कोपरा उचलताना एकूण वजनाचा काही भागच जॅकवर येतो. पुढची बाजू मधोमध जॅक लावून उचलली, तर इंजिन आणि गिअरबॉक्स तिथेच असल्यामुळे निम्म्याहून थोडे अधिक वजन येते. या हिशेबाने हॅचबॅक, सेडान आणि लहान एसयूव्ही यांना दोन टनांचा जॅक पुरतो. त्याहून मोठ्या गाड्यांना तीन टनांचा घ्यावा.

तीन टनांच्या जॅकची शिफारस वजनापेक्षाही दुसऱ्या कारणासाठी करावीशी वाटते. त्याचा सांगाडा लांब-रुंद असतो, चाके मोठी असतात आणि तो अधिक उंच जातो. खोक्यावर टनांचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि गिऱ्हाईकही तोच वाचून निर्णय घेते. खरी निवड मात्र बाजूला बारीक अक्षरांत दिलेल्या मिलिमीटरच्या दोन आकड्यांवर ठरते.

ते दोन आकडे कोणते, आणि ते आपल्या गाडीशी कसे ताडून पाहावेत?

पहिला आकडा जॅक पूर्ण खाली असतानाच्या उंचीचा, दुसरा तो पूर्ण वर गेल्यानंतरच्या उंचीचा. ते ताडून पाहण्यासाठी खरेदीला जाण्यापूर्वी टेप घेऊन गाडीशेजारी बसावे आणि जमिनीपासून जॅक लावण्याच्या जागेपर्यंतची उंची मोजावी. कंपनीने जाहीर केलेला ग्राउंड क्लिअरन्स येथे कामाचा नाही. तो गाडीच्या तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूचा असतो, जॅक लावायच्या जागेचा नव्हे.

समजा, एखाद्या हॅचबॅकच्या सिलची खालची कड जमिनीपासून 190 मिलिमीटरवर आहे. टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर बसली, की तोच कोपरा सहा ते आठ सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे आता जॅकला जागा उरली 110 ते 130 मिलिमीटर. बाजारात सर्रास मिळणाऱ्या दोन टनांच्या लहान जॅकची किमान उंची 130 ते 140 मिलिमीटर असते. सगळी टायरे भरलेली असताना जो जॅक सहज आत जात होता, तो नेमक्या गरजेच्या वेळी बाहेरच अडकतो. यासाठीच 75 ते 90 मिलिमीटर किमान उंचीचा, म्हणजे लो प्रोफाइल जॅक घेण्यात शहाणपण आहे. तो केवळ खाली बसवून घेतलेल्या शौकीन गाड्यांसाठी असतो, हा समज बरोबर नाही.

आता वरचा आकडा. जॅक मारायला सुरुवात केली, की आधी गाडीचे शरीर वर जाते आणि चाक मात्र जमिनीवरच राहते, कारण दबलेली स्प्रिंग मोकळी होत सस्पेन्शन खाली लोंबते. लहान गाडीत यातच आठ-दहा सेंटिमीटर खर्ची पडतात. त्यानंतर चाक जमीन सोडते. पंक्चर झालेले चाक काढून पूर्ण हवा भरलेले चाक बसवायचे, तर आणखी चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. वरच्या उदाहरणात 190, 100 आणि 50 मिळून 340 मिलिमीटर झाले. लहान ट्रॉली जॅकपैकी बरेच 330 ते 350 मिलिमीटरवर थांबतात, त्यामुळे येथे एकेका सेंटिमीटरचा प्रश्न येतो. मोठ्या एसयूव्हीत सिल आधीच उंच असते आणि सस्पेन्शनही जास्त लोंबते. तिथे 450 मिलिमीटरपेक्षा कमी उंचीचा जॅक घेऊन उपयोग नाही.

उंची कमी पडली, की जॅकच्या वाटीवर, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या वरच्या भागावर, लाकडाचा जाड ठोकळा किंवा एकावर एक दोन फळ्या ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ठोकळा घसरतो, त्याच्या रेषांवर चिरतो, आणि गाडी जितकी वर जाते तितका तो तिरका होत जातो. वाटीवर रबराची बसती गादी असावी, एवढेच पुरे. उंचीची उणीव उंच जॅकनेच भरून काढावी.

पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. तिथे जॅक चालेल का?

हा प्रश्न जॅकच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

ट्रॉली जॅकची भुजा एका टोकाशी बिजागरीवर फिरते, त्यामुळे तिच्या दुसऱ्या टोकावरची वाटी सरळ रेषेत वर जात नाही, कमानीसारखा मार्ग घेते. वाटी गाडीला टेकलेली असते आणि गाडी जागची हलत नाही. साहजिकच ही तफावत भरून काढण्यासाठी जॅकलाच आपल्या चाकांवर दोन-चार सेंटिमीटर पुढे सरकावे लागते. गुळगुळीत काँक्रीटवर हे इतके सहज होते, की कोणाच्या लक्षातही येत नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटीत मात्र पुढचे लोखंडी चाक अडकते. मग जॅक सरकण्याऐवजी वाटी सिलच्या कडेवरून घासत बाहेर येऊ लागते. पंप मारता मारता वाटीजवळून करकर असा आवाज आला किंवा रबराची गादी एका बाजूला दुमडलेली दिसली, तर तिथेच थांबून गाडी खाली घ्यावी.

अलीकडच्या इमारतींच्या तळमजल्यावर ट्रिमिक्स, म्हणजे जास्तीचे पाणी ओढून घेऊन गुळगुळीत केलेले, काँक्रीट असते. घरगुती कामासाठी ती उत्तम जमीन आहे. शहाबादी किंवा कोटा फरशीखाली पोकळी असेल, तर ती जॅकच्या चाकाखाली फुटते, आणि वरून ठोकून आवाज ऐकल्याशिवाय ती पोकळी कळत नाही. चकचकीत टाइल्सवर जॅक घसरतो. डांबर एप्रिल-मेच्या उन्हात मऊ पडते, आणि जॅकपेक्षा उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडचे बारीक पाय त्यात अधिक रुततात. पेव्हर ब्लॉकवर किंवा डांबरावर काम करणे भागच असेल, तर जॅकची चारही चाके मावून त्याला पुढे-मागे सरकता येईल एवढी मोठी, निदान 18 मिलिमीटर जाडीची प्लायवुडची सलग फळी खाली घालावी, आणि स्टँडखालीही वेगळी फळी द्यावी. मुरूम किंवा माती असलेल्या अंगणात हेही पुरेसे नाही. अशा ठिकाणी चाक बदलण्यापलीकडचे काम करू नये.

उतार हा आणखी एक भाग. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मोकळ्या पार्किंगला मुद्दाम ढाळ दिलेला असतो. तो डोळ्यांना जाणवत नसला, तरी जमिनीवर लिंबू ठेवले की लगेच कळतो.

जागा किती लागते?

पार्किंगची नेहमीची आखणी 2.5 मीटर रुंद आणि 5 मीटर लांब असते. 1.7 मीटर रुंदीची गाडी मधोमध उभी केली, तर दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम 80 सेंटिमीटर उरतात. तीन टनांच्या जॅकचा दांडा एक मीटरहून लांब असू शकतो आणि तो खाली-वर करायला मोकळी जागा लागते. शेजारची गाडी जागेवर नसेल अशी वेळ निवडावी किंवा दोन तुकड्यांत जोडला जाणारा दांडा असलेला जॅक घ्यावा.

जॅक गाडीला नेमका कुठे लावायचा?

गाडीच्या माहितीपुस्तिकेत जॅक पॉइंटचे चित्र असते आणि ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बहुतेक मोटारींत पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, सिलच्या पत्र्याची खाली आलेली उभी कड दोन खाचांनी दाखवलेली असते. ती कड दुहेरी पत्रा जोडून केलेली असल्यामुळे उभा भार पेलते, परंतु ट्रॉली जॅकची सपाट लोखंडी वाटी थेट तिच्यावर टेकवली, तर ती मुडपते, रंग निघतो, आणि कोकणासारख्या दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. यासाठी मधोमध खाच असलेली रबराची गादी मिळते. कड त्या खाचेत बसते आणि भार तिच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर जातो. ही स्वस्त वस्तू जॅकसोबतच घ्यावी.

इंजिनचा ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, रेडिएटरखालचा पत्रा, सायलेन्सरची नळी आणि गाडीच्या तळाचा सपाट पत्रा यांखाली जॅक कधीही लावू नये. स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर यांसारख्या स्वतंत्र चासीच्या गाड्यांत चासीचा लांब पट्टा किंवा मागचा अ‍ॅक्सल वापरता येतो, आणि अ‍ॅक्सलखाली जॅक लावल्यास सस्पेन्शन लोंबत नसल्यामुळे उंचीही कमी लागते. लहान गाड्यांच्या मागच्या आडव्या बीमबद्दल मात्र कंपन्यांचे म्हणणे वेगवेगळे आहे. काही परवानगी देतात, काही स्पष्ट मनाई करतात. तिथे ओळखीच्या मेकॅनिकपेक्षा पुस्तिकेवर विश्वास ठेवावा.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

सीएनजी गाडीत डिकीतील टाकीमुळे मागच्या बाजूला वजन वाढलेले असते. टाकीपासून इंजिनपर्यंत जाणारी गॅसची नळी गाडीच्या तळाखालून येते. जॅक आत सरकवताना ती कोणत्या बाजूने गेली आहे, हे टॉर्च लावून आधी पाहावे. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचा खोका बहुधा दोन्ही सिलच्या मध्ये, तळाला सपाट पसरलेला असतो. वाटी दोन-तीन सेंटिमीटर जरी आत गेली, तरी ती बॅटरीच्या आवरणावर दाब देऊ शकते, आणि त्या आवरणाला पडलेला पोचा ही साधी डेंटिंगची बाब नाही. अशा गाडीला लहान वाटीचा जॅक आणि तिच्या जॅक पॉइंटसाठीच बनवलेली गादी वापरावी. दोन्ही मिळत नसतील, तर घरी उचलू नये.

हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये टाकली, तरी चाकांना अटकाव का लावायचा?

कारण गाडी उचलल्यावर यांपैकी एक बंधन अनेकदा निकामी होते. आपल्याकडील बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, तर गिअर पुढच्या चाकांना धरून ठेवतो. मागची बाजू पूर्ण उचलली, की हँडब्रेकने धरलेली दोन्ही चाके हवेत जातात. पुढचे एकच चाक उचलले, तर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळे फिरू शकते आणि त्यामुळे जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला गिअरने दिलेली पकड जवळजवळ संपते. ऑटोमॅटिक गाडी पीमध्ये ठेवली असली, तरी हेच घडते. म्हणून जे टोक उचलायचे, त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत. रबराचे किंवा लाकडाचे पाचरीच्या आकाराचे ठोकळे चांगले. रस्त्याकडेचा गोल दगड चाकाबरोबर गडगडतो.

जॅकवर गाडी भक्कम वाटते. तरीही स्टँड लागतातच का?

लागतात, आणि जॅक स्टँडची जोडी घ्यायची नसेल, तर ट्रॉली जॅकही घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. हायड्रॉलिक जॅक गाडीला तेलाच्या दाबावर धरून ठेवतो. ते तेल अडवणारी रबराची सील आणि झडपेतली एक लहानशी गोळी, एवढ्यावर सारी भिस्त असते. झडपेत कचऱ्याचा कण अडकला किंवा सील झिजली, की गाडी हळूहळू बसते, आणि सील फाटली तर हळूहळूही नाही. काही जॅकवर दुहेरी कुलूप किंवा सुरक्षा खिट्टी असल्याची जाहिरात असते. ती असल्यास उत्तम, पण तिच्यामुळे स्टँडची गरज संपत नाही.

स्टँड दोन प्रकारचे मिळतात. एकात दातेरी पट्टी आणि तिला अडवणारी खिट्टी असते; दुसऱ्यात भोकांमधून आरपार जाणारी जाड पिन असते. पहिला सोयीचा असला, तरी खिट्टी दातांत पूर्ण बसली आहे की नाही, ते नीट पाहावे लागते. अमेरिकेत 2020 साली हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने दातेरी प्रकारचे सुमारे 17 लाख स्टँड परत मागवले होते, कारण काही नगांत खिट्टी दातांत पुरेशी खोल बसत नव्हती आणि भार असताना ती सुटू शकत होती. पुढे बदली म्हणून दिलेल्या स्टँडपैकी काहींत वेल्डिंगचा दोष निघाला आणि तेही परत घ्यावे लागले. घरगुती वापरासाठी पिनवाला स्टँड मला अधिक भरवशाचा वाटतो: पिन आरपार गेली आहे, हे लांबूनही दिसते.

स्टँडवरची क्षमता एका नगाची आहे की जोडीची, हे दुकानात विचारून घ्यावे. दोन्ही पद्धतींनी ती छापलेली आढळते. स्टँडची किमान उंचीही जॅकच्या कमाल उंचीशी ताडून पाहावी, कारण स्टँड खाली सरकवण्यासाठी गाडी त्याच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर अधिक वर न्यावी लागते.

विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक आणि कोकणात हाताशी असणारा जांभ्याचा चिरा, यांपैकी काहीही स्टँडच्या जागी चालत नाही. भिंतीत त्यांच्यावर भार पसरून येतो. गाडीखाली तोच भार एका अरुंद कडेवर एकवटतो आणि ते काही इशारा न देता फुटतात.

कामाचा योग्य क्रम कोणता?

आधी ठोकळे लावावेत आणि चाक जमिनीवर असतानाच पान्याने नट अर्धा-पाऊण फेरा सैल करावेत. उचललेल्या गाडीवर पान्याला जोर लावणे म्हणजे ती जॅकवरून ढकलण्यासारखेच आहे. मग गाडी उचलून स्टँड लावावा, झडप अगदी सावकाश उघडून गाडी त्यावर टेकवावी आणि जॅक किंचित भार घेईल इतपत शेजारीच राहू द्यावा. यानंतर बाहेर उभे राहून गाडी हाताने चांगली हलवून पाहावी. ती डुगडुगायची असेल, तर कोणी खाली नसतानाच डुगडुगलेली बरी. काढलेले चाक भिंतीला टेकवून न ठेवता सिलखाली आडवे सरकवावे. सगळे फसले, तरी गाडी त्याच्यावर थांबते. गाडी उचललेली असताना आत कोणी बसू नये, दार जोरात आपटू नये, आणि लहान मुले आसपास असतील तर काम पुढे ढकलावे. चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने लावावेत आणि शेवटचा जोर गाडी खाली आल्यावरच द्यावा.

दुकानात जॅक हातात घेऊन काय पाहावे?

झडप प्रथम पाहावी. दांडा फिरवताना ती टप्प्याटप्प्याने उघडली पाहिजे; एकदम उघडणाऱ्या झडपेने गाडी धाडकन खाली येते. वाटी मोकळी फिरते का, मागची चाके सर्व दिशांना वळतात का, भुजेच्या दोन्ही बाजूंची वेल्डिंग सलग आहे का आणि सिलिंडरभोवती तेलाचा ओलावा आहे का, हेही तपासावे. क्षमतेपेक्षा जास्त भार आल्यास उचलणे थांबवणारी झडप आहे का, हे विचारावे. परदेशात जॅक घेणाऱ्यांना युरोपात ईएन 1494 आणि अमेरिकेत एएसएमई पेस या मानकांचा उल्लेख शोधता येईल. भारतातही काही आयात जॅकवर तो दिसतो, मात्र केवळ स्टिकरवर जाऊ नये.

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जाऊन दोन-तीन नग समोर मांडून पाहता येतात, हा ऑनलाइन खरेदीपेक्षा मोठा फायदा आहे. जुना जॅक घेत असाल, तर दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गाडीचा एक कोपरा उचलायला सांगावे आणि जमिनीपासून सिलची उंची मोजून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. अंतर घटले असेल, तर किंमत कितीही उतरली, तरी तो घेऊ नये.

अ‍ॅल्युमिनियमचा जॅक वजनाने हलका पडतो. तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायचा असेल, तर त्यासाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ आहे. तळमजल्याच्या खोलीतच राहणार असेल, तर पोलादी जॅक बरा.

जॅक वर जात नाही किंवा मऊ मऊ चालतो. काय करावे?

नवा जॅकही वाहतुकीत आडवा-उलटा झाल्यामुळे तेलात हवा शिरून असा वागतो. झडप उघडी ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा पूर्ण खाली-वर करावा, मग झडप बंद करून रिकामाच वर नेऊन पाहावा. सुधारणा झाली नाही, तर भुजा पूर्ण खाली असताना तेलाची पातळी तपासावी. भुजा वर असताना तेल भरले, तर ते जास्त होते आणि खाली येताना सीलमधून बाहेर पडते. हायड्रॉलिक जॅकसाठीचेच तेल वापरावे. ब्रेक ऑइल कधीही टाकू नये; त्याने जॅकची रबरी सील फुगून खराब होते. पावसाळ्यापूर्वी बिजागरीला आणि चाकांना ग्रीस लावावे, आणि जॅक नेहमी पूर्ण खाली करून ठेवावा, म्हणजे दट्ट्याचा चकचकीत भाग सिलिंडरच्या आत राहून गंजत नाही. सील बदलण्याचा संच मिळत असेल, तर दुरुस्ती जरूर करावी. भुजा वाकलेली असेल किंवा वेल्डिंगला केसाएवढी जरी चीर दिसली, तर मात्र जॅक दुरुस्तीला नेण्याऐवजी दांडा काढून घेऊन भंगारात द्यावा, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या गाडीखाली जाणार नाही.